शिकागोतली सवाष्ण

खाण्याच्या बाबतीत मी फटकळ आहे. कुणाची पुरणपोळी चिवट झाली तर त्यांच्याच घरात बसून तसं सांगते. नॉटिंगहॅमच्या आमच्या मराठी मंडळातल्या निम्म्या बायका त्यामुळे माझ्यावर फुगून असायच्या. काकांना मात्र माझं कौतुक. 'ही पोरगी खोटं बोलायची नाही,' असं चारचौघांत सांगायचे. ते आठवलं की आजही तोंड कुठे लपवू असं होतं.

काका म्हणजे आमच्या मागच्या रस्त्यावर राहणारे रिटायर्ड डॉक्टर. ते जिथून रिटायर झाले त्याच हॉस्पिटलात मी भूल द्यायचं काम करायचे. दोन हजार चार-पाचची गोष्ट. काकूंना जाऊन दीडेक वर्ष झालं होतं. सप्टेंबरात मी कॉन्फरन्सला शिकागोला निघालेय असं कळलं आणि काका एक कागद घेऊन हजर. लग्नानंतर, इंग्लंडला यायच्या आधी, दोघं दोन वर्षं शिकागोत होती. 'कुठे खावे, कुठे प्यावे' अशी त्या शहराची यादीच त्यांनी डॉक्टरी अक्षरात लिहून आणली होती.

'रेल्वेच्या पुलाखाली कॉफी. पाणचट असते, पण कप रिकामा होऊ देत नाहीत.' 'तळ्याकाठी बिअर. हिने इथे पहिल्यांदा चाखली, पुण्याला कळवू नये.' मी हसत हसत वाचत होते. सगळ्यात खाली, दोनदा अधोरेखित केलेलं: 'कोपऱ्यावरचं डायनर, चेरी पाय.' काकू पक्क्या शाकाहारी. त्या काळी तिथे बाहेर जेवायचं म्हणजे त्यांच्या वाट्याला पाय, म्हणजे फळं भरून भाजलेला गोड पदार्थ, आणि कॉफी एवढंच यायचं. दर शनिवारी दोघं तिथे जाऊन बसायची.

"बाकीचं राहिलं तरी चालेल," काका म्हणाले. "हे मात्र नवमीला खा. तिच्या नावाने."

अविधवा नवमी. अहेव गेलेल्या बाईच्या नावाने त्या दिवशी सवाष्ण जेवू घालायची. वर्षश्राद्ध झाल्यावरची काकूंची ही पहिलीच नवमी, आणि आमच्याकडे सवाष्ण मिळायची मारामार, सगळ्या ड्यूटीवर. त्यात नवमी नेमकी मी शिकागोत असतानाच येत होती. काकांना तो योगच वाटला. "इथे वरणभात ती जन्मभर जेवली गं. तिथे जेवेल तर खूश होईल. माझ्यासाठी एवढं कर." मी त्यांचा हात धरून हो म्हटलं, आणि अगदी मनापासून म्हटलं.

नवमीला दुपारी शेवटचं लेक्चर संपलं. ग्लासगोहून आलेली माझी कॉलेजातली मैत्रीण म्हणाली, "चल, सेल लागलाय." डायनर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हटलं, संध्याकाळी जाऊ. संध्याकाळपर्यंत हातात चार पिशव्या, टाचा दुखून जीव गेलेला आणि समोर देशी बुफेची पाटी. शिकागोत जाऊन आम्ही पालक पनीर खाल्लं! विसरले असते तर एक वेळ माफ होतं. पण कागद पर्समध्ये होता आणि मला तो पूर्ण वेळ आठवत होता. 'आता कोण एवढ्या लांब जातंय, काकांना काय कळतंय,' असं मनाशी म्हणून मी उठले आणि आणखी दोन गुलाबजाम घेऊन आले.

परत आले त्याच दिवशी काका दारात उभे.

"खाल्लास?"

"खाल्ला की. मस्त होता."

"कुठे बसलीस? खिडकीपाशी?"

"हो, खिडकीपाशीच." जीभ कशी झडली नाही माझी!

"लाल खुर्च्या आहेत अजून?"

"आहेत ना."

काकांनी पिशवीतून काकूंची नारायणपेठ काढून माझ्या हातात दिली. सवाष्णीला रिकाम्या हाताने पाठवू नये म्हणे. मी ती घेतली. घेतली! ते गेल्यावर नवरा म्हणाला, "आत्ताच्या आत्ता जाऊन खरं सांग." मी त्याच्यावरच खेकसले, "आता काय सांगू, डोंबल?" साडी कपाटात अगदी तळाशी ठेवून दिली.

पुढच्या उन्हाळ्यात वॉटफर्डचा त्यांचा मुलगा त्यांना शिकागोला घेऊन गेला. त्यांचं विमान उडाल्यावर मला कॉम्प्युटरवर ते डायनर शोधायची बुद्धी झाली. ते बंद पडून कितीतरी वर्षं झाली होती. इमारतच पाडली होती. मी गेले असते तरी मला तिथे काही मिळालं नसतं; पण गेले असते तर खरं सांगता तरी आलं असतं. आठवडाभर फोन वाजला की दचकायचे.

आल्यावर त्यांनी स्वतःच फोन केला. "जाऊन आलो. तू म्हणाली होतीस तसंच आहे सगळं." आणि फोन ठेवला. त्यापेक्षा थोबाडीत दिली असती तर बरं झालं असतं.

सप्टेंबरात पुन्हा फोन आला. "उद्या नवमी. जेवायला ये. हिची साडी नेसून ये."

गेले. टेबलावर एकच पान वाढलेलं. वरणभात, बटाट्याची भाजी आणि सुपरमार्केटातला चेरी पाय, खोक्यातून काढून नीट कापलेला. काका समोर खुर्ची ओढून बसले.

"तुमचं पान?"

"मी नंतर जेवेन. आज मला बघायचंय."

"काका, मी तेव्हा..."

"आधी जेव. पानावर रडू नये."

मी जेवले. एक शीत टाकलं नाही. पाय भयंकर गोड होता, आणि त्या दिवशी मी तसं म्हटलं नाही. शेवटचा तुकडा तोंडात जाईपर्यंत काकांनी माझ्यावरची नजर हलवली नाही. मग ते भिंतीवरच्या काकूंच्या फोटोकडे वळले.

"जेवलीस गं एकदाची," ते म्हणाले. "वर्षभर उपाशी राहिलीस."