रस्ता रोज चार बोटं अरुंद

आमच्या साहेबांना चुन्याचं भारी वेड. तसं आमच्या निमलष्करी दलात कुठेही जा, रस्त्याकडेचे दगड गेरू-चुन्याने रंगवलेले असतातच. पण निवडणुकीच्या बंदोबस्ताला आमच्या कंपनीचा विसरवाडीच्या एका शाळेत दहा दिवसांचा मुक्काम पडला, तर साहेबांनी तिथेही फाटकापासून व्हरांड्यापर्यंत दोन्ही बाजूंनी दगड मांडायला लावले. वर हुकूम असा, की रोज सकाळी सगळ्यांनी ते उचलून, धुऊन पुन्हा रंगवायचे. हायवेवरून ट्रक धुरळा उडवत जायचे आणि आम्ही चाळीस शिकलेसवरलेले जवान दगडांना आंघोळ घालत बसायचो.

कंपनीत साहेब कुणालाच आवडत नव्हते. चादरीला सुरकुती दिसली की चहा बंद. माझा राग मात्र वेगळा होता. माझी मुलगी जन्मून चाळीस दिवस झाले होते आणि मी तिला फक्त मोबाइलवर बघितलं होतं. बायको धानोऱ्याला माहेरी, म्हणजे तासाभराच्या वाटेवर. सगळी नोकरी बर्फात नि वाळूत गेली, कधी नव्हे तो आपल्याच जिल्ह्यात आलो आणि चार तासांची सुट्टी मागितली, तर साहेब म्हणाले, "घर पास में है तो क्या पिकनिक है? बॉर्डर पे होते तो जाते क्या?" मतदान झालं की कंपनी दुसऱ्या राज्यात जाणार होती. आता नाही तर पुढचे सहा महिने नाही. मी "जी सर" म्हणालो आणि मनातल्या मनात त्यांचा उद्धार केला.

दगडांची कल्पना माझीच, उगाच दुसऱ्यावर कशाला ढकलू. रंगवून झाल्यावर दगड परत ठेवताना प्रत्येकाने चार बोटं आत सरकवायचा. बस्स, एवढंच. ओळ सरळ, चुना झकास, साहेब खूश. रस्ता अरुंद होतोय हे त्यांच्या ध्यानातही येईना, कारण सगळं लक्ष रंगावर. जीप ते स्वतःच चालवायचे, ड्रायव्हरला शेजारी बसवून. सातव्या दिवशी वळताना त्यांना दोनदा मागेपुढे करावं लागलं, तेव्हा आम्ही हसू दाबत सावधान उभे होतो.

आठव्या दिवशी चाक दगडावर चढलं, घसरलं आणि जीप पोटावर आदळली. ऑइलचा चेंबर फुटला. साहेबांना खरचटलंही नाही, पण माझं हसू पळालं. गंमत तेवढ्यापुरतीच होती हो. सरकारी गाडी फुटली म्हणजे चौकशी, आणि नोकरी गेली तर त्या पोरीला मी काय तोंड दाखवणार होतो?

साहेबांनी पावलं टाकून रस्ता मोजला. मग सगळ्यांना रांगेत उभं केलं. "हाथ दिखाओ." ज्याच्या हाताला चुना त्याचं हे काम, असा त्यांचा तर्क. एकेकाचे तळवे बघत सरकले. पहिल्याचे पांढरे, दुसऱ्याचे पांढरे, माझे पांढरे, चाळीसच्या चाळीस पांढरे. त्यांचाच हुकूम होता ना, सगळ्यांनी चुना मारायचा! शेवटच्या माणसापाशी ते थांबले, टोपी काढली आणि पायरीवर एकटेच जाऊन बसले. माझा जीव भांड्यात पडला, आणि खोटं कशाला बोलू, त्यांची थोडी दयाही आली.

दुसऱ्या दिवशी त्यांना मतदान केंद्रांची पाहणी करायची होती, म्हणजे गाडी हवीच. त्यांनी मलाच बोलावलं. "तुम लोकल हो. नंदुरबार से मिस्त्री लेके आओ. और घर नहीं जाना, समझे?"

नंदुरबारचे मिस्त्रीचाचा मला लहानपणापासून ओळखतात. त्यांच्या टेम्पोत शेजारी बसलो आणि बोलता बोलता पोरीची गोष्ट तोंडातून निघून गेली, साहेबांच्या हुकमासकट. चाचा आपल्या अहिराणीत म्हणाले, "साहेबनी तुले सांगं, घर जावानं नही. मले कोनी सांगं का? टेम्पो मन्हा शे, मन्हा मनमा येई तिकडथीन लई जासू." आणि त्यांनी टेम्पो धानोऱ्याकडे वळवला. मी त्यांना एका शब्दाने अडवलं नाही.

जीप त्याच संध्याकाळी सुरू झाली आणि चौकशी कधी झालीच नाही, हे आधीच सांगून टाकतो, उगाच कुणाचा जीव टांगणीला नको.

बायको पोरीला खांद्यावर घेऊन दारातच उभी होती. घरचे सगळे कापूस वेचायला गेलेले. मला वाटलं रडेल, नाहीतर भांडेल तरी. मी विचारलं, "जेवनी का?" तिने नाही म्हणून मान हलवली. मग "ल्या हिले" म्हणत पोर माझ्या हातात दिली आणि ताट वाढून घेतलं. चाळीस दिवस एका मांडीवर पोर सांभाळत जेवलेली बाई. भिंतीला टेकली, पाय लांब केले, दोन्ही हातांनी भाकर मोडली आणि सावकाश खायला लागली. पोरगी माझ्या छातीशी हूं हूं करत झोपून गेली. मी हलायला घाबरत होतो.

बाहेरून चाचांचा आवाज आला, "बस निवांत. जीप काय पळी जाई का?"

बायको तोंडात घास घेऊनच म्हणाली, "अजून एक भाकर खासू मी. तोपावत जावू नका."

"दोन खाय," मी म्हटलं.