सात नंबरचा काडीकिडा

प्राणिशास्त्राच्या लॅबमध्ये बरण्या कशा साठतात, हे कुणालाच सांगता येत नाही. कुणीतरी कधीतरी एक सरडा आणून स्पिरिटमध्ये टाकतो, लेबल गळून पडतं, आणणारा रिटायर होतो, पण बरणी फेकायचा धीर कुणाला होत नाही. ब्रह्मपुरीच्या कॉलेजातल्या आमच्या डिपार्टमेंटचे किस्से असेच साठलेत. आणि गंमत म्हणजे त्यातले जे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले, तेच मला सगळ्यात कमी समजलेत.

नव्वदच्या दशकाचा शेवट. डिपार्टमेंटमध्ये माणसं तीन: हेड बोरकर सर, लॅब अटेंडंट रफिकभाऊ आणि साताऱ्याहून आलेला मी. माझी नेमणूक तात्पुरती होती. जूनच्या आत एम.फिल. झालं तर कायम, नाही तर वळकटी बांधून साताऱ्याला. त्यात माझं लग्न ठरलं होतं आणि मुलीच्या वडिलांनी, ‘कायम झालात की तारीख काढू,’ असं स्वच्छ कळवलं होतं. तेव्हा पुढचं वाचताना हे तेवढं ध्यानात असू द्या.

*

रुजू झालो त्याच दिवशी रफिकभाऊंनी मला कोपऱ्यातलं एक कपाट उघडून दाखवलं. आत एक लोकरीचा स्वेटर, एक छत्री आणि एक डावा बूट. मला वाटलं, यांचंच सामान असेल.

तसं नव्हतं. या पोस्टवर माझ्याआधी तिघं येऊन गेले होते. स्वेटरवाले सर एप्रिलमध्ये पळाले, छत्रीवाले मे महिन्यात. बूटवाले तर मार्चमध्येच गेले, आणि एकच बूट घालून कसे गेले हे रफिकभाऊंनाही ठाऊक नव्हतं. ऊन सोसणं ज्याला जमलं नाही त्याची आठवण कपाटात, असा त्यांचा हिशोब.

“तुमच्या पुस्तकात लिहून हाये ना सर, टिकन तो टिकन,” ते म्हणाले. “ते सारं या कपाटात हाये. तुम्ही काय ठेवून जासान?”

दुसऱ्या दिवशी त्यांनी आपणहून माझ्या डोक्याला दुपट्टा बांधला आणि खिशात एक कांदा ठेवला. कांद्यानं ऊन कसं लागत नाही, हे शास्त्र मला अजून सापडलेलं नाही. पण मे महिन्यात कांदा काढून ठेवायची हिंमतही मी कधी केली नाही.

*

वर्गात पहिलाच धडा अनुकूलनाचा. मी उंट घेतला. उंटाचं वशिंड, उंटाच्या पापण्या, उंटाचे तळवे. तासभर वाळवंटात फिरवून आणलं सगळ्यांना.

नागभीडहून रोज गाडीनं येणारी एक मुलगी होती. ती उठून म्हणाली, उंट आम्ही पाह्यलाच नाही, म्हशीचं सांगा. मी खूश झालो. म्हटलं, म्हशीला घाम फार कमी येतो, कातडी काळी, ऊन लवकर तापवतं, म्हणून ती पाण्यात बसते.

ती थोडा वेळ लिहीत राहिली. मग म्हणाली, “म्हणजे अंगानं तिले जमलंच नाई, म्हणून ते पाण्यात जाऊन बसते. मंग याले अनुकूलन म्हणाचं का अडचण?”

मी बेल व्हायची वाट पाहिली. स्टाफरूममध्ये येऊन बोरकर सरांना विचारलं. सर म्हणाले, परीक्षेला म्हैस येत नाही.

*

एम.फिल.चा विषय सरांनीच काढला. इंग्लंडात कारखान्यांच्या काजळीनं झाडं काळी पडली, आणि पांढरे पतंग मागे पडून काळे पतंग वाढले, हे प्रत्येक पुस्तकात आहे. सर म्हणाले, आपल्याकडे गडचांदूरला सिमेंट आहे. तिथं पानं पांढरी पडतात. म्हणजे नाकतोडे पांढरे व्हायलाच पाहिजेत!

मी जाळी घेऊन एसटीनं गेलो. दिवसभर बांधावर, खाणीच्या कडेच्या गवतात फिरलो. आणि खरंच, नाकतोडे राखाडी-पांढरे. एक नाही, चाळीस. परतीच्या एसटीआधी चहाच्या टपरीवर बसलो. टपरीवाला कपावर बशी पालथी घालून चहा देत होता आणि लोक बशी जराशी सरकवून तेवढ्याच फटीतून पीत होते. मीही तसाच प्यायलो. मनात लग्नाची तारीख काढत होतो.

चाळीसही नाकतोडे संध्याकाळी बरणीतल्या स्पिरिटमध्ये टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळी रफिकभाऊ बरणी उजेडात धरून उभे होते. नाकतोडे हिरवेगार. तळाशी बोटभर राखाडी गाळ.

“किडे जुनेच हायेत सर,” ते म्हणाले. “पावडर लावून राह्यले होते.”

मला रडूच यायचं बाकी होतं. बोरकर सर मात्र हार मानेनात. त्यांचं म्हणणं, पावडर सगळ्यांच्याच अंगावर पडते, पण ज्याच्या अंगावर ती टिकते तो पक्ष्याला दिसत नाही, म्हणून तो जगतो. मग पावडर टिकणं हेच अनुकूलन! मी आठवडाभर यावर विचार केला. ते चूक आहे हे मला सिद्ध करता आलं नाही. बरोबर आहे हेही नाही.

*

त्या गडचांदूरच्या फेऱ्यांचा एकच कायमचा परिणाम झाला. ब्रह्मपुरीत कुणाच्याही घरी चहा आला की मी आधी कपावर बशी ठेवतो. बायका रागावतात, आमच्या घरात काय धूळ आहे का म्हणून.

त्याच सुमाराची दुसरी गोष्ट. एसटीडी बूथवरून साताऱ्याला फोन लावला. आईनं उचलला. मी म्हटलं, “मी बरा हाये, जेवण करून राह्यलो.” आईनं ‘राँग नंबर’ म्हणून फोन ठेवून दिला. पुन्हा लावला तेव्हा तिनं मला माझ्या मावशीचं नाव विचारलं, मगच बोलली.

*

नाकतोडे बुडाले, पण विषय तोच ठेवून प्राणी बदलायचा असं ठरलं. इथं मडावीभाऊ आले. आरमोरीकडच्या जंगलातल्या गावात राहायचे, मोहफुलं नि डिंक घेऊन बाजाराच्या दिवशी जीपनं ब्रह्मपुरीला यायचे. रफिकभाऊंची जुनी ओळख. त्यांनी टोपलीतून काडीकिडे आणून दिले. हुबेहूब वाळकी काडी. हात लावला की पाय अंगाला चिकटवून तासन् तास मेल्यासारखे पडून राहतात.

“बारा हायेत,” मडावीभाऊ म्हणाले. मला सहा दिसत होते.

जाळीच्या पेटीत त्यांना पेरूचे डहाळे घालून ठेवलं. दिवसभर शोधून चिमट्यानं एकेक उचलला आणि प्रत्येकाला बारीक दोऱ्यानं नंबरची चिठ्ठी बांधली. एक ते बारा. तरी रोज मोजावं तर कधी नऊ भरायचे, कधी चौदा. मडावीभाऊ मात्र दर बाजाराला यायचे, लॅबच्या दारातूनच पेटीकडे एक नजर टाकायचे, म्हणायचे, “बारा,” आणि जायचे. चष्मा मला होता, त्यांना नाही.

या बारांमध्ये सात नंबर हा माझा लाडका. बाकीचे रात्रीतून जागा बदलत, पानं कुरतडत. सात नंबर तीन महिने हलला नाही. खाल्लंही नाही. मी त्याच्यावर अकरा पानं लिहिली. ‘प्रतिकूल परिस्थितीत अन्नावाचून तग धरण्याची असामान्य क्षमता’ असं त्या प्रकरणाला नाव दिलं. बोरकर सर वाचून उठून उभे राहिले आणि त्यांनी माझा हात हातात घेतला.

प्रबंध टाइप झाला, बांधून झाला, विद्यापीठात गेला. त्यानंतरच्या बाजाराला मडावीभाऊ पहिल्यांदा पेटीजवळ आले आणि चिठ्ठ्या बघून त्यांनी मला विचारलं, “याले काऊन बांधून ठेवलं जी? हे त येनाची काडी हाये.” येन म्हणजे आमच्याकडचं ऐनाचं झाड.

सात नंबर ही काडी होती. किडे बाराच होते, पण त्यातला एक बिनचिठ्ठीचा पेटीत कुठेतरी बसला होता. मी हादरून बघत राहिलो तोवर मडावीभाऊ जीप निघेल म्हणून निघून गेले.

*

परीक्षक सहा दिवसांनी येणार होते. पुढचा बाजार सात दिवसांनी.

मी ठरवलं, चिठ्ठी सोडवायची आणि त्या बाराव्या किड्याला बांधायची. सहा दिवस शोधला. मला आणखी दोन काड्या सापडल्या, किडा सापडला नाही. सरांना म्हटलं, मी परीक्षकांना खरं सांगून टाकतो. सर म्हणाले, सांग, पण मग साताऱ्याचं तिकीटही काढून ठेव. रफिकभाऊंनी कोपऱ्यातलं कपाट उघडलं आणि स्वेटर थोडा बाजूला सरकवून जागा केली.

परीक्षक आले. उंच, बारीक, कमी बोलणारे गृहस्थ. चहा आला. मी सवयीनं त्यांच्या कपावर बशी ठेवली. त्यांनी ती मुकाट्यानं उचलून बाजूला ठेवली. प्रबंध उघडला तो थेट माझ्या त्या अकरा पानांवर.

“हा सात नंबर मला बघायचाय,” ते म्हणाले.

रफिकभाऊंनी पेटी आणली. त्यांनी ती टेबलावर ठेवली. मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज. तीन महिने ज्याला जीव लावला त्याच्याकडे मी बोट दाखवलं. सांगून टाकावं म्हणून तोंडही उघडलं.

परीक्षकांनी जाळीचं दार उघडून आत हात घातला आणि तर्जनी सात नंबरपुढे धरली. आम्ही चौघंही वाकून बघत होतो. बराच वेळ काही झालं नाही.

मग सात नंबरनं एक पाय उचलला, जरा वेळ हवेत झुलवला, आणि परीक्षकांच्या बोटावर ठेवला.

एम.फिल. मिळालं. जूनमध्ये कायमही झालो.

परीक्षक येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी बाजार होता. मडावीभाऊ नेहमीसारखे आले, दारातूनच पेटीकडे पाहिलं, आणि यावेळी पुन्हा एकदा पाहिलं.

“तेरा,” ते म्हणाले, आणि गेले.