ही आमची अनुकंपा

"ही आमची अनुकंपा," हेडक्लार्क मॅडम पाहुण्यांना म्हणाल्या. "बाप वारला म्हणून घेतली हिला."

पाहुणे हळहळले. मी चहाचा ट्रे धरून उभी. मला नाव होतं, हजेरीपटावर रोज सही करत होते. अंबरनाथच्या त्या सरकारी कचेरीत ते नाव कुणी घेतलं नाही.

बाप याच कचेरीचा सफाई कामगार. दोन हजार साली त्याला एमआयडीसीमागच्या गटारात उतरवलं. गॅसने गुदमरला. कागदावर लिहिलं, आकस्मिक मृत्यू. त्याच्या जागी अनुकंपा तत्त्वावर मी नोकरीला लागले. बी.कॉम. झालेली, मराठी टायपिंग पास. क्लार्कची जागा रिकामी होती, मला शिपाई केलं. अर्ज दिला तर मॅडम म्हणाल्या, "दयेवर आलेल्यांनी मागायचं नसतं."

आईला सांगितलं. ती म्हणाली, "गप बस गं बाई. धाकटा शिकतोय. हात जोड, तुमची कृपा म्हण."

म्हटलं. चार वर्षं म्हटलं. विहारात भंते सांगायचे, करुणा म्हणजे दुसऱ्याचं दुःख आपलं मानणं. माझं डोकं तडकायचं. इथे माझ्या बापाच्या मरणावर मॅडम उदार झाल्या होत्या, आणि मी त्यांचे कप विसळत होते. सोडून जाऊ म्हटलं तर घर कसं चालणार?

एक दिवस एक बाई आली. कडेवर मूल. नवरा तसाच गेलेला, गटारात. हात जोडून म्हणाली, "मॅडम, उपकार करा."

मॅडमनी मला हाक मारली. "ए अनुकंपा, सांग हिला, आम्ही कसं सांभाळतो ते."

तुमची कृपा, अगदी ओठांवर आलं होतं. मग त्या बाईचे हात बघितले. माझेच हात. स्वतःचीच चीड आली.

"ताई, हात खाली घ्या. नवरा यांच्या कामात मेलाय. नोकरी तुमचा हक्क आहे."

"काय बोलतेस कळतंय का?" मॅडम उठल्या. "घरी बसशील."

"कळतंय."

ट्रे त्यांच्याच टेबलावर ठेवला. क्लार्कच्या रिकाम्या खुर्चीत बसले, टाईपरायटर ओढला. बाईचा अर्ज केला. मृत्यूचं कारण: मास्क न देता गटारात उतरवले. मग दुसरा कागद चढवला. बापाचं पूर्ण नाव, तेच कारण. खाली माझं नाव.

संध्याकाळी मेमो मिळाला. आई रडली. मीही घाबरले होते, खोटं कशाला सांगू.

सकाळी परत हाक आली. "ए अनुकंपा!"

मी वळले नाही. नावाने बोलवेपर्यंत वळणारही नाही. नोकरी जाते तर जाऊ दे.