चाळीस टाचण्या आणि एक नाव

किड्यांच्या घरात किस्सेही किड्यांसारखेच साठतात. एक झटकून टाकावा, तर फडताळामागून दुसरा निघतो. आता सांगताना हसू येतं. पण निजामीतल्या त्या धाकाच्या दिवसांत यातल्या एकाही किश्श्याला मी हसले नव्हते.

*

लग्न होऊन तामलवाडीला आले, त्याला तिसरा दिवस. फडताळात पत्र्याचा डबा दिसला. मसाल्याचा असेल म्हणून उघडला, तर आत काळे-पिवळे किडे. मी वाकून बघतेय तोच मागून आवाज आला, "हात लावू नकोस. फोड येतील."

शाळामास्तर असलेल्या माझ्या नवऱ्याचं लग्नानंतरचं माझ्याशी हे पहिलं वाक्य!

ते हिंगे होते. बाजरीच्या कणसावर बसतात, अंगावर चिरडले की भाजल्यासारखे फोड उठतात. यांना छंद त्यांचाच.

*

मल्हारी धनगर माळावरून यांना किडे आणून द्यायचा. एकदा ओसरीवर टेकून म्हणाला, "गुरुजी, चाऱ्यातनं हिंगे पोटात गेले तर शेळी लोळून मरती. तुमी तर डबा भरून ठिवलाय. कुणासाठी?"

हे भिंगातून मान वर काढीनात. मल्हारीनं माझ्याकडं बघितलं. मग सासूबाईंनीही बघितलं. त्यांना मी आत्याबाई म्हणायची.

दुसऱ्या दिवसापासून मीठ-मिरचीचे डबे आत्याबाईंच्या उशाशी.

*

पावसाळा सरता सरता मल्हारीनं ओढ्याकाठच्या रेताड माळावरून आठ हिंगे आणले. हे दोन दिवस भिंगाला चिकटून. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "यांच्या मिशा आणि नखं कुठल्याच हिंग्याशी जुळत नाहीत. ही नुसती नवी जात नाही, नवं घराणंच आहे."

"नवं घराणं?" आत्याबाई म्हणाल्या, "मग पोरी कुणाला देनार?"

हसायचं राहूनच गेलं. त्याच दुपारी मुंग्यांनी आठातले सात खाल्ले. उरला एक नर. आणि मुंबईच्या संग्रहालयातल्या साहेबांची अट होती, नमुना डोळ्यांनी बघितल्याशिवाय नवं घराणं छापता येणार नाही. यांची एवढ्या वर्षांची पायपीट त्या एका किड्याच्या दोन मिशांवर टांगलेली. "मिशी मोडली की संपलं," हे झोपेतसुद्धा म्हणायचे.

*

माझं अक्षर बारीक, म्हणून चिठ्ठ्या माझ्याकडं आल्या. प्रत्येक किड्यात एक टाचणी, टाचणीला चिठ्ठी. तीवर गाव, आणि किडा गोळा करणाऱ्याचं नाव. म्हणजे यांचं. नवऱ्याचं नाव तोंडानं घ्यायचं नसतं, पण लिहायला कुणी मना केलेलं नाही. नवा एक आणि त्याच्याशी ताडून बघायला जुने एकोणचाळीस. चाळीस वेळा लिहिलं.

आत्याबाई दारातून बघत होत्या. "वाटेत लिंबाला सुया टोचल्याल्या दिसल्या तर मी वाट बदलते," त्या म्हणाल्या. "हितं तर घरातच."

*

या चाळीस किड्यांची पेटी सोलापूरला माझ्या माहेरी पोचवायची, पुढं माझे वडील मुंबईला नेणार. पण सोलापूर इंग्रजी हद्दीत, आणि मधे निजामाचा नाका. शेजारगावच्या मास्तरांना इंग्रजी कागदांपायी तिथं दोन दिवस बसवून ठेवलं होतं. "मी गेलो तर पेटी जाईल," हे म्हणाले, "आणि कदाचित मीही."

म्हणून मी आणि आत्याबाई निघालो. गाडी मल्हारीनं हाकली. पेटी माझ्या मांडीवर, तिच्यावर ओटीचा खण आणि नारळ.

नाक्यावरच्या जमादारानं खण उचलला. पेटी उघडली. त्याचं बोट त्या नव्या हिंग्याच्या मिशीपासून गव्हाच्या दाण्याएवढ्या अंतरावर आलं.

"ये क्या है?"

"किडे."

"और ये चिठ्ठ्यां? कौन लिखा?"

"मी."

"क्या लिखा?"

"नाव."

"किसका?"

आता नाव कसं घेणार? मी मान खाली घातली. "यांचं. घरधन्याचं."

"शौहर का? सबपे?"

"सबपे."

बोट थांबलं. जमादारानं टाचण्या टोचलेल्या चाळीस किड्यांकडं बघितलं. माझ्या हातातल्या हिरव्या चुड्याकडं बघितलं. मग दोन बोटांनी, अगदी हळू, झाकण लावलं. खण-नारळ होता तसा वर ठेवला. चार पावलं मागं सरला आणि आत्याबाईंना म्हणाला, "अम्मा, शादी को कित्ते दिन हुए?"

"पाच म्हैने."

"बेटा अच्छा है ना?"

आत्याबाई माझ्यापासून वीतभर सरकून बसल्या. मल्हारीनं बैलांना न सांगताच गाडी हलली.

दोन्ही मिशा शाबूत पोचल्या. पण सोलापूर येईपर्यंत आत्याबाईंनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही.