चिखलीतली आजारी मेमरी

आमच्या खोलीतले किस्से कोणी जमवत नाही, तरी ते खिडकीच्या जाळीत धूळ बसावी तसे साठत जातात. रविवारी चार मित्र बसले की मी एक सांगायला घेतो आणि त्याला चिकटून बाकीचे येतात. शेवटी बायको आतून विचारते, "मंग तुमी लोक काम कवा करता?" करतो ना. हे सगळं काम करतानाच तर होतं.

काम काय, ते आधी सांगतो. चिखलीत एका कृषी केंद्राच्या वर, पत्र्याच्या छताखाली, आम्ही चौघं बसतो. खाली खतं-बियाणं, वर कर्नल! कर्नल म्हणजे कॉम्प्युटरमधला तो मूळ प्रोग्राम, जो बाकी सगळ्या प्रोग्रामांच्या खाली बसून मशीन चालवतो. तो जगभरातली माणसं मिळून लिहितात. कोणाचाही बदल, म्हणजे पॅच, इतरांनी वाचून तपासल्याशिवाय आत जात नाही. आमच्या वाट्याला त्यातला एक कोपरा आहे: मशीनचा एखादा भागच बिघडला तर कर्नलनं काय करायचं? मेमरी नासली, डिस्क गेली, कार्ड बोलेनासं झालं, तर सांभाळून घेणारं जे कोड असतं, ते आम्ही वाचतो आणि त्यातल्या चुका काढतो.

आमच्यात मोठे खरात सर. मूळचे उंद्रीचे, पॉलिटेक्निकमधली नोकरी सोडून यात आलेले. नितीन जळगाव जामोदचा, सगळ्या चाचण्या तो करतो. अर्चना माहेरची धामणगाव बढेची, लग्न होऊन चिखलीत आलेली. तिचा नवरा इथल्याच शाळेत मास्तर, सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. आणि चौथा मी.

त्या वर्षी सगळा घोर अर्चनाच्या पॅचचा होता. मेमरी दोन तऱ्हेनं चुकते. छोटी चूक मशीन स्वतः दुरुस्त करते आणि नुसती नोंद ठेवते. मोठी चूक दुरुस्त होत नाही. एखाद्या प्रोग्रामचा डेटा कर्नल उचलत असताना नेमकी अशी मोठी चूक झाली, तर कर्नल घाबरून अख्खी मशीन बंद पाडायचा. अर्चनानं लिहिलं होतं की ज्याची मेमरी नासली तेवढाच प्रोग्राम मारा, बाकी मशीन वाचवा. परदेशातले जे गृहस्थ हा भाग सांभाळतात, त्यांना कल्पना पटली होती. पण त्यांचं एकच म्हणणं होतं: "तुम्ही चुका मुद्दाम घडवून दाखवल्या. एक खरी दाखवा."

इकडे आम्हाला पगार देणाऱ्या पुण्याच्या कंपनीतले साहेब म्हणत होते की पॅच आत जात नसेल तर ही खोली ठेवून उपयोग काय, सगळ्यांनी पुण्याला या. आम्ही तिघं रडतखडत गेलोही असतो. अर्चनाला जाता येणार नव्हतं. खोली गेली की तिचं हे काम संपलं, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं.

* * *

सरांची रिव्ह्यू करायची पद्धत अशी: कोड ते मोठ्यानं वाचणार आणि ज्यानं लिहिलं त्यानं गप्प बसायचं. दर ओळीनंतर एकच प्रश्न, "अन हे बी मेलं त?"

एकदा माझ्या कोडमध्ये त्यांना एक टिपण सापडलं. मी मोठ्या थाटात लिहिलं होतं, 'असं कधीच होत नाही.' सर थांबले. चष्मा कपाळावर चढवला.

"दिलीप, हे कोनं सांगतलं तुले?"

"सर, तसं होऊच शकत नाही. सगळा विचार केला मी."

"बरं," सर शांतपणे म्हणाले. "मेमरीले सांगतलं का हे तू?"

* * *

नितीनचं लग्न जमत होतं. मुलीच्या वडिलांचा भाजीपाल्याचा मोठा व्यापार, माणूस चौकस. त्यांनी पोहे खाता खाता विचारलं, "जावईबापू, दिवसभर नेमकं काय करता?"

नितीननं कर्नलपासून सुरुवात केली, पण समोरच्यांचा चेहरा पाहून लवकरच सोपं करून टाकलं. "लोकं लिहून पाठवतात, मी त्याहिच्या चुका काढतो."

"याचा पगार भेटते?"

"हो, चांगला भेटते."

सासरेबुवांनी आतल्या दाराकडे एक नजर टाकली आणि आवाज खाली आणला. "आमची बहीन हे काम फुकटात करते."

लग्न झालं. त्या आत्याबाई नितीनला आता 'आमच्या लाइनचा' म्हणतात.

* * *

खरी चूक हवी म्हणजे खरी खराब मेमरी हवी. ही मेमरी पट्टीसारखी असते, आम्ही तिला काडी म्हणतो. सर्व्हरची नासलेली काडी मिळवायला आम्ही अर्धा जिल्हा पालथा घातला. दुकानदार आमच्याकडे संशयानं पाहायचे, कारण खराब माल मागणारं गिऱ्हाईक त्यांनी आजवर पाहिलं नव्हतं.

शेवटी जळगाव जामोदच्या एका रिपेअरवाल्यानं नितीनला काडी दिली. आम्ही ती मशीनमध्ये घातली आणि वाट पाहत बसलो. चूक येईना! मोठी सोडा, छोटीही नाही. अर्चनानं जेवण सोडून तिचं सगळं कोड पुन्हा तपासलं. "चूक येऊन राह्यली असंन अन माह्यं कोड ती गिळून राह्यलं असंन," असं म्हणताना तिचे डोळे भरून आले. चूक गिळून टाकणारं कोड म्हणजे आमच्या धंद्यात सगळ्यात वाईट गुन्हा. सरांनीही सगळं पुन्हा वाचलं, मीही वाचलं. कोणालाच काही सापडेना.

मग नितीननं त्या रिपेअरवाल्याला फोन लावला. "दादा, ती काडी खराब व्हती ना?"

"नाई हो," तो म्हणाला. "तुमी आपल्या गावचे. तुमाले खराब माल कसा देऊ? निवडून चांगली देली."

* * *

मे महिन्यात आमच्या एका जुन्या मशीननं दुपारी छोट्या चुकांची नोंद करायला सुरुवात केली. सकाळी काही नाही, ऊन चढलं की सुरू, संध्याकाळी बंद. त्या नोंदी वाचता वाचता सरांना दुसऱ्याच कोणाच्या तरी कोडमधली एक चूक सापडली: चुका एकामागून एक आल्या की मोजणी चुकत होती. सरांनी ते लिहून पाठवलं.

पुण्याच्या लॅबमध्ये तेच करून पाहिलं, तर काहीच घडेना. तिथं एसी! दोन-तीन मोठ्या ठिकाणांहूनही तेच कळलं. मग परदेशातून एक आदबशीर मेल आला की आपण हे इतक्या सातत्यानं घडवता, तर आपल्याकडची तापमानाची चाचणी-पेटी कोणत्या बनावटीची आहे, आम्हालाही घ्यायची आहे.

सरांनी वर पाहिलं. पत्रा तापून कडकड वाजत होता.

"काय लिहू सर?" मी विचारलं.

"खरं लिही. पत्र्याचं छप्पर, म्हन, अन खाली बसाची तयारी पाह्यजे."

मी तसंच लिहिलं. मोजणीची ती दुरुस्ती आत गेली आणि कारणात आमच्या छपराचा उल्लेख आहे. मी तो पाहुण्यांना उघडून दाखवतो, मला त्यात जराही लाज वाटत नाही.

* * *

नितीनच्या चाचणीचा प्रोग्राम मेला की पडद्यावर छापायचा, 'काऊन मेला?' हे आमच्यापुरतं होतं. एकदा पॅचसोबत ती चाचणीही चुकून जगभर गेली. आम्ही तोंड लपवायच्या तयारीत होतो. पुण्यातल्या एका सहकाऱ्यानं तर खास फोन करून सांगितलं, "अरे, निदान 'का मेला' तरी लिहायचं!"

परदेशातून विचारणा आली, हे काय आहे? सरांनी सरळ उत्तर दिलं: आमच्याकडे एखादी गोष्ट मेली की पुढं जायच्या आधी हा प्रश्न विचारतात.

तिकडून उत्तर आलं, "चांगली पद्धत आहे. राहू द्या." ते अजून तिथंच आहे.

* * *

आता ज्या दिवशी साहेब पुण्याहून आले, त्या दिवसाचं.

त्यांनी फोनवरच सांगितलं होतं की येतो आणि काय ते ठरवून टाकतो. पॅच तिथंच अडकलेला. तोवर मलकापूरच्या एका भंगारवाल्याकडून आम्हाला खरोखर आजारी काडी मिळाली होती. चाचणीच्या मशीनमध्ये घातली होती, अर्चनाचं कोडही चालू होतं. पण काडी आजारी असूनही गुमान बसली होती.

साहेबांनी लॅपटॉप काढला. त्याला आमच्या भिंतीवरच्या टीव्हीची वायर बसेना. टीव्हीला जोडलेली मशीन एकच होती, चाचणीची. नितीननं पाहुणचाराच्या घाईत साहेबांचा पेन ड्राइव्ह तिलाच लावला. सरांनी माझ्याकडे पाहिलं, मी सरांकडे. पण साहेब बोलायला उभे राहिले होते, आता काय सांगणार?

साहेब सरळ माणूस, गोलगोल बोलले नाहीत. "तुमच्या कामाबद्दल वाद नाही. पण हार्डवेअरचं काम लॅबशिवाय होत नाही. अर्चना, तुमचा पॅच अजून बाहेरच आहे. मी किती दिवस थांबू?"

अर्चना खाली मान घालून बसली होती. टीव्हीवर मोठ्या अक्षरांत आलं होतं: 'चिखली कार्यालय बंद, पुण्यात विलीन.' तारखेची जागा रिकामी होती. साहेबांनी ती आमच्यासमोर भरली आणि सेव्ह दाबलं.

टीव्हीवरचं प्रेझेंटेशन नाहीसं झालं.

कोपऱ्यातलं घड्याळ चालू होतं. नितीनच्या चाचण्यांचा आलेख सरकत होता. मशीन धडधाकट होती. फक्त टीव्हीवर मागं, मशीनच्या नोंदी दिसतात त्या काळ्या चौकटीत, चार नव्या ओळी उमटल्या होत्या.

अर्चना उठली आणि टीव्हीजवळ गेली. एकेका ओळीवर बोट ठेवून तिनं वाचलं. "मेमरीची चूक. दुरुस्त न होनारी. कर्नल डेटा उचलत व्हता. प्रोग्राम बंद केला, मशीन चालू." मग ती वळली. "सर, खरी आली."

खरात सरांनी चष्मा काढून पुसला. मला इतका आनंद झाला की मी नितीनच्या पाठीत जोरात धपाटा घातला.

साहेब मात्र टीव्हीकडेच पाहत होते. "माझं प्रेझेंटेशन कुठं गेलं?"

"नासलेली मेमरी त्याच्यापाशी व्हती सर," अर्चना म्हणाली. "म्हनून तेवढंच मारलं."

"हे मुद्दाम केलंत?"

"मुद्दाम जमलं असतं सर, त इतके दिवस वाट काऊन पाह्यली असती?"

साहेबांनी खुर्ची ओढली. एके काळी तेही कोड लिहायचे. त्यांनी त्या ओळी वाचल्या, मग अर्चनाचं कोड मागितलं आणि एकेक प्रश्न विचारत गेले. ती उत्तरं देत गेली, आणि कोणाकडेही न बघता देत गेली. त्यांच्या चहावर साय धरली.

नितीननं साहेबांना हळूच विचारलं, "सर, प्रेझेंटेशन पुन्हा लावू का?"

"नको. आधी हे पाठवा."

तो पॅच आज कर्नलमध्ये आहे, कोणीही जाऊन पाहावा. वर अर्चनाचं नाव. खाली, वाचून तपासलं म्हणून खरात सरांचं. त्याखाली आणखी एक नाव असतं, ज्यानं चाचणी केली त्याचं. मेल पाठवताना अर्चना त्या ओळीपाशी थांबली होती.

"साहेब, सेव्ह तुमीच दाबलं," सर म्हणाले. "इथं तुमचंच नाव येते."

साहेबांनी मान हलवली. अर्चनानं नाव टाइप केलं.

"अन चाचनी कुठं झाली, ते?" तिनं साहेबांना विचारलं. "पुन्याची लॅब लिहू का सर?"

साहेबांनी सायीसकट चहाचा घोट घेतला.

"पुण्यात कुठं झालं हे?" ते म्हणाले. "चिखली लिहा."