कौसाबाईंच्या वहीतली साखर

वहीत सकाळची उपाशीपोटीची साखर तीनशे चाळीस लिहिली होती. आणि ज्यांची ही साखर, त्या कौसाबाई माझ्यासमोर बसून डोक्यावरचा पदर सारखा करत म्हणत होत्या, "बाई, च्यासुदीक घेतला नव्हता."

छावणी भागातल्या माझ्या दवाखान्यात तोवर मी वीसेक वर्षं मधुमेहाचे पेशंट बघत होते. 'काही खाल्लं नाही' हे वाक्य रोज कानावर पडायचं. माझा त्यावरचा विश्वास कधीच उडाला होता. पण कौसाबाई तशातल्या नव्हत्या. दौलताबादच्या, साठी ओलांडलेल्या, सकाळ-संध्याकाळ वेळेवर इन्सुलिन घेणाऱ्या. घरी तपासणी सुरू केल्यापासून आठ महिने साखर अगदी शहाण्यासारखी. आणि आता दहा दिवसांपासून वहीत सगळे आकडे तीनशेच्या पुढचे.

सोबत त्यांची सून मीरा होती. घरी ग्लुकोमीटरवर तपासणी तीच करायची. बोटाला बारीक सुई टोचायची, थेंबभर रक्त पट्टीवर घ्यायचं, की छोटं मशीन आकडा दाखवतं. तो आकडा ती वहीत लिहायची. कौसाबाईंना बाहेर बसवून तिनं मला खालच्या आवाजात सांगितलं, "म्याडम, आमच्याकडं सीताफळाचा हंगाम चालूये. रबडीवाल्याला गर काढून द्यावा लागतो. आत्याबाई पहाटंपासून त्याच कामाला बसत्यात. म्होरं एवढी घमेली भरलेली. आता तुमीच बघा."

माझ्या दृष्टीनं कोडं तिथंच सुटलं. मी कौसाबाईंना आत बोलावून चांगलं फैलावर घेतलं.

"बाई, चाळीस वर्षं गर काढते म्या. बीमारी कळली तवापासून एक बी चोखली नाय. लेकराची आण घेऊ का?"

"आण नको, पथ्य पाळा," मी म्हटलं, आणि दोन्ही वेळचं इन्सुलिन चार-चार युनिट वाढवलं.

आठवड्यानं त्या पुन्हा आल्या. आकडे तसेच, उलट एके दिवशी तर तीनशे ऐंशी. मग मात्र माझंच डोकं चालेना. इन्सुलिन उन्हात राहिलं का? नाही, फ्रिजच्या दारात होतं. पट्ट्या जुन्या? नव्या होत्या. मशीन बिघडलं? त्यांच्या मशीनवर मी माझंच बोट टोचून पाहिलं. माझ्या मशीनवर एकशे चार, त्यांच्या मशीनवर एकशे सात. मग त्यांचं बोट टोचलं, तर दोन्ही मशीनवर एकशे तीसच्या घरात. लॅबमध्ये शिरेतून रक्त घेऊन उपाशीपोटीची तपासणी केली, तीही एकशे अठ्ठावीस. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी तपासणी असते, तीही चांगली आली. पण हंगाम सुरू होऊन जेमतेम अडीच आठवडे झालेले, सरासरीत ते काय दिसणार?

म्हणजे दवाखान्यात आल्या की साखर चांगली, घरी गेल्या की वाईट. एकच बाई, एकच मशीन.

याचंही उत्तर माझ्याकडं तयार होतं. पुष्कळ पेशंट तपासणीच्या आधी दोन दिवस कडक पथ्य पाळतात, परीक्षेच्या आदल्या रात्री अभ्यास करावा तसं. कौसाबाई तेच करत असणार. मी कंपाउंडर नईमभाईंना तसं म्हटलंही. ते म्हणाले, "मॅडम, ये अम्मा झूट बोलनेवाली नै लगती." मी हसून सोडून दिलं आणि इन्सुलिन आणखी चार युनिट वाढवलं. समोर लॅबचा चांगला आकडा असताना मी वहीवर विश्वास ठेवला आणि वहीच्या मालकिणीवर नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीरानं त्यांना रिक्षातून थेट दवाखान्यातच आणलं. कौसाबाई घामानं भिजलेल्या, अंग गार, काहीतरी असंबद्ध पुटपुटत होत्या. "मीरा, क्रेट मोजले का," एवढंच मधूनमधून कळत होतं.

"साखर लई वाढली म्याडम," मीरा रडवेली झाली होती. "निघताना बघितली, तीनशे दहा. म्हणून गोड काय दिलं नाय, नुसतं पाणी पाजलं."

मी गोंधळले. घाम, गार अंग, भ्रमिष्ट बोलणं ही सगळी लक्षणं साखर खूप खाली गेल्याची. वाढलेल्या साखरेची नव्हेत. अशा वेळी साखर पटकन द्यावी लागते, उशीर केला तर मेंदूला इजा होते, माणूस जातोसुद्धा. नईमभाईंनी स्पिरिटच्या बोळ्यानं बोट पुसून रक्त घेतलं. आमचं मशीनही म्हणालं दोनशे नव्वद. आता मी पेशंटकडं बघू की मशीनकडं?

"मॅडम," नईमभाई म्हणाले, "रुई छूट नै री उनके उंगली से."

पाहिलं तर कापसाचे तंतू बोटाला चिकटून बसलेले. हात अजून कामावरचाच होता. नखाच्या कडेला गराचा पांढरा थर सुकलेला.

"साबण आणा. पाणी आणा," मी जवळजवळ ओरडलेच.

हात धुऊन, पुसून पुन्हा टोचलं. एक्केचाळीस.

शिरेतून ग्लुकोज दिलं. काही मिनिटांत कौसाबाईंची नजर स्थिर झाली. त्यांनी मीराकडं पाहिलं, मग माझ्याकडं, आणि पहिलं वाक्य बोलल्या, "बाई, म्या नाय खाल्लं."

मला भयंकर लाज वाटली. या बाईला मी जवळजवळ मारलं होतं, आणि शुद्धीवर येताच ती मला स्वतःचा खरेपणा सांगत होती.

मीराला विचारल्यावर सगळं कळलं. रबडीवाल्याची गाडी सकाळी लवकर यायची. काम मोडायला नको म्हणून कौसाबाई बसल्या जागेवरून हात पुढं करायच्या आणि मीरा स्पिरिटनं बोट पुसून टोचायची. स्पिरिटनं जंतू मरतात, पण फळाचा चिकटा जात नाही. मशीन रक्तासोबत बोटावरचं सीताफळही मोजत होतं. दवाखान्यात मात्र त्या अंघोळ करून, ठेवणीतलं लुगडं नेसून यायच्या.

"साबणानं का नाही धुतले?" मी विचारलं.

मीरानं वहीचं पहिलं पान उघडलं. 'पाणी लावू नका. फक्त स्पिरिटनं पुसा.' ओल्या बोटानं रक्त पातळ होऊन आकडा चुकतो, म्हणून सगळ्याच पेशंटना मी हे लिहून द्यायचे. अक्षर माझंच होतं.

मी ते खोडलं. खाली लिहिलं, 'साबणानं हात धुवा, कोरडे करा, मग टोचा.' इन्सुलिन पहिल्याइतकं केलं. आणि दोघींची माफी मागितली, नईमभाईंच्या समोर.

मीरा सासूचे पाय धरायला वाकली. कौसाबाईंनी तिला वरच्यावर उचललं. "तुझं काय चुकलं? तू मशीनचं ऐकलं."

जाताना दारात थांबल्या. "बाई, एक इचारू? चोरीचा आळ तर येऊन गेला. आता एखांदं सीताफळ खाऊ का?"

"अर्धं," मी म्हटलं. "लहानातलं. आणि खाल्लं की वहीत लिहा."

पुढच्या वहीत एके ठिकाणी मीराच्या अक्षरात लिहिलेलं आहे, 'आज अर्धं सीताफळ खाल्लं.' दोन तासांनी धुतलेल्या हाताची साखर एकशे छप्पन्न.