भामाबाईच्या पाण्यात बुडवलेलं इंजिन

दसऱ्याच्या दिवशी सांडू मिस्त्रीनं डॉक्टरबाईंच्या लाल गाडीला झेंडूचा हार घातला, आणि त्या हारानं गाडीचा जीव घेतला.

हार साधासुधा नव्हता. पावसानं लागोपाठ दुसऱ्या वर्षी पाठ फिरवली होती, बाजारात झेंडू सोन्याच्या तोऱ्यात बसला होता. तरी सांडूनं मनगटाएवढा जाड हार आणला. त्याचा हात ट्रॅक्टरवर बसलेला. ट्रॅक्टरचं नाक उंच, हार लोंबतो, वारा लागत राहतो. ही गाडी मात्र जमिनीला नाक घासत पळणारी, दोनच माणसांची. इंजिन सीटच्या मागं, आणि त्याला थंड ठेवणारे रेडिएटर पुढच्या दोन भोकांच्या आत. हार वेगात उडू नये म्हणून सांडूनं तो त्याच दोन भोकांत चांगला दाबून बसवला, नाकात बोळे घालावेत तसा. मग चार पावलं मागं सरकून म्हणाला, "आत्ता कशी नवरीवानी दिसती!"

नवरी दौलताबादच्या घाटात बसली ती उठलीच नाही.

डॉ. स्वरदा डोळ्यांच्या डॉक्टर. पोरांची शिक्षणं उरकून, पन्नाशी ओलांडून त्यांनी ही जुनी स्पोर्ट्स कार घेतली, तेव्हा घरच्यांनी नाकं मुरडली होती. सुट्टीच्या सकाळी घाट चढून खुलताबादपर्यंत जायचं आणि यायचं, बरोबर कुणी नको, फोनही बंद, एवढीच त्यांची चैन. त्या दिवशी समोर इंजिन तापल्याचा लाल दिवा पेटलेला त्यांना दिसला होता. दुसऱ्यांची नजर तपासणाऱ्या बाईला न दिसून कसं चालेल? पण वर सपाटीला थांबू, असं त्यांनी ठरवलं आणि सपाटी यायच्या आत इंजिनच थांबलं.

गाडी बंद पडल्याचा फोन आला की सांडू कधी "काय झालं?" असं विचारत नसे. "कोण चालवत होतं?" एवढंच विचारी. निम्मा आजार त्यातच कळतो, असं त्याचं म्हणणं. त्या दिवशी त्यानं काहीच विचारलं नाही. गाडी ओढून आणायला टोचनवाला ट्रक घेऊन पोचला, तर अख्ख्या वळणावर भाजलेल्या झेंडूचा वास.

"बाई, हार म्याच..."

"दिसतंय मला," कठड्यावर बसलेल्या बाई म्हणाल्या. "आणि दिवा मलाही दिसला होता. आता पुढचं बोला, मिस्त्री."

सांडू मूळचा पिशोरचा. दहावीला गणितानं धरून ठेवलं म्हणून तो मामाच्या हाताखाली ट्रॅक्टर खोलायला बसला, काही वर्षं गंगापूरकडं उसाचे ट्रक दुरुस्त केले आणि शहर चिकलठाण्याच्या पुढं सरकायला लागलं तसा त्याच्याबरोबर सरकून इथं जालना रोडवर आला. ज्वारीच्या रानांचे प्लॉट झाले, प्लॉटांच्या गाड्या झाल्या. सांडूनं पाटीवर "सर्व प्रकारच्या गाड्या" लिहून घेतलं. त्यात एक लाल प्रकार येईल, हे पाटी रंगवणाऱ्याला ठाऊक नव्हतं आणि सांडूलाही. पण बाईंची गाडी त्यानं दोन वर्षं नीट सांभाळली होती आणि त्या आनंदात तो जरा फुगलाही होता. हारानं ती हवा काढली. गॅरेजांच्या सगळ्या ओळीत एकच प्रश्न फिरायला लागला, "काय मिस्त्री, आज इंजिनात झेंडू का शेवंती?"

इंजिन उतरवून खोललं. हेड वाकलेलं होतं, पण घासून सरळ झालं असतं. दोन बोअरला, म्हणजे पिस्टनच्या नळ्यांना, ओरखडे पडले होते, तिथं लायनरचं नवं अस्तर बसलं असतं. म्हणजे काम होण्यासारखं होतं, फक्त ब्लॉक, इंजिनाचा मूळ ओतीव सांगाडा, आतून तडकलेला नसला तर. तडकला असेल तर सगळी मेहनत मातीत. दुसरी वाट पुण्याची. तिथं एका ठोकलेल्या गाडीचं असंच इंजिन भंगारवाल्याकडं पडून होतं. कुणी चालवलं, कसं चालवलं, देव जाणे. आणि भंगारवाल्याचा निरोप स्वच्छ होता: उद्या दुपारपर्यंत सांगा, नाहीतर इंदूरची पार्टी उचलून नेतेय.

"मला माझंच इंजिन हवंय," बाई म्हणाल्या. "पण पुन्हा घाटात एकटी उभी राहिले, तर मी गाडी विकून टाकीन. पुन्हा चालवायची हिंमत होणार नाही माझी. तेव्हा ठरवायचं तुम्ही. डोळ्याचं ऑपरेशन करताना मी पेशंटला विचारत नाही, कुठून कापू म्हणून."

सांडूच्या मनात काय होतं, ते सांगायला ज्योतिषी नको. दुसरं इंजिन बसवलं की तो जन्मभर हारवाला मिस्त्री राहणार. हेच इंजिन आपल्या हातानं उठवलं तर ओळीतली तोंडं बंद. फक्त तडा नको.

दुसऱ्या दिवशी सकाळीच ब्लॉक छोट्या टेम्पोत घालून तो अतुलच्या वर्कशॉपवर गेला. एमआयडीसीत अतुलची लेथ मशीनं होती आणि ब्लॉक तपासायची लोखंडी टाकी होती. ब्लॉकची सगळी तोंडं पट्ट्या आणि रबर लावून बंद करायची, तो गरम पाण्यात बुडवायचा, आत हवा भरायची. बुडबुडा आला की तडा. अख्ख्या भागात अशी टाकी दुसरी नव्हती.

टाकीत पालीचं पिल्लू फिरत होतं.

"पाणी कुठंय?"

"मिस्त्री, कौनसी दुनिया में हो?" अतुल म्हणाला. "कंपन्यांचं पाणी कापलंय, आपल्याला कोण देतंय? रंग मारून वरच्या भेगा दावतो. आतल्या वाटा नाय दिसणार त्यात."

आतल्याच तर बघायच्या होत्या. सांडू तसाच टेम्पो घेऊन मागं फिरला, तो थेट गॅरेजशेजारच्या भामाबाईच्या खानावळीत. तिच्याकडं दोन निळे ड्रम भरलेले होते.

"मावशी, दोन्ही ड्रम पायजेत."

भामाबाईनं पोळपाटावरून मान वर केली. "पैशे माग. सोन्याची पोत माग. पाणी मागतोस? कुणाला पायजे?"

"इंजिनाला."

"हार घालून झाला, आता आंघूळ घालतो व्हय?" आजूबाजूची गिऱ्हाइकं खिदळली. पण सांडू हसला नाही, तशी तिनं लाटणं खाली ठेवलं. "लई अडलंय का?"

"दुपारपर्यंत ठरवायचंय, मावशी."

"ने. पर पाण्याला पाणी. टँकर आला की तुझ्या वाट्यातलं पयलं मला. पैशाचं नाव काढलंस तर झाडूच हाणीन."

दुपारच्या उन्हात बाईसुद्धा वर्कशॉपवर आल्या आणि दाराशी उभ्या राहिल्या. दोन्ही ड्रम टाकीत रिकामे झाले, हीटरनं पाणी तापलं. साखळी करकरत ब्लॉक खाली गेला. अतुलनं हवा सोडली आणि एकदम भसाभस बुडबुडे उसळले.

"वरची अडकलेली हवा आहे," अतुल म्हणाला.

खरंच, हळूहळू पाणी शांत झालं. सांडूनं श्वास सोडला. तेवढ्यात मागच्या कोपऱ्यातून एक बुडबुडा वर आला. मोहरीएवढा. मग आणखी एक.

"रबर," सांडू घाईनं म्हणाला. "रबर बसलं नाय नीट."

ब्लॉक वर घेतला, पट्टी सोडली, रबर बदललं, सगळे बोल्ट पुन्हा आवळले. पुन्हा खाली. पाणी गढूळ झालं होतं, तेलाचे रंग तरंगत होते. सांडू टाकीच्या काठावर इतका वाकला की घामाचे थेंब आत पडायला लागले. बराच वेळ काही नाही. मग त्याच कोपऱ्यातून, त्याच जागेवरून, मोहरी.

दाराशी बाईंचा फोन वाजला. पुण्याचा होता.

अतुल सांडूच्या कानाशी आला. "केसभर तडा आहे, मिस्त्री. वेल्ड मारतो, घासून देतो. तुम्हाला बी सापडणार नाय कुठं होतं ते. साल-दोन साल सहज जातंय."

"आणि मग?"

"मग काय! मग दुसरं काही बी बिघडू शकतं."

बाईंनी फोनवर हात ठेवला. "मिस्त्री, ते थांबायला तयार नाहीत. काय सांगू?"

सांडूनं पाण्याकडं पाहिलं. हो म्हटलं असतं तर ते इंजिन त्यानं असं बांधलं असतं, की ओळीतल्या प्रत्येकानं कान लावून ऐकावं. मोहरी सावकाश वर आली आणि फुटली. घाट चढताना ब्लॉक कधी फुटेल, ते काय कुणी सांगावं. एखाद्या वळणावर, बाई एकट्या.

"इंजिन पाठवा म्हणा," तो म्हणाला. "हे नाय उठत."

बाईंनी फोनवरचा हात काढला. मग फोनमध्ये म्हणाल्या, "पाठवा." आणि त्याला म्हणाल्या, "बसवणार मात्र तुम्हीच."

"एवढं पाणी घातलंस," संध्याकाळी भामाबाई म्हणाली, "आणि निस्तं 'नाय' म्हणायला?"

पुण्याचं इंजिन आलं. सांडूनं तेही आधी उघडून बघितलं, मगच बसवलं. आरटीओत इंजिनाचा नंबर बदलून घेताना चपला झिजल्या त्या वेगळ्या. ओळीतली थट्टा काही थांबली नाही.

बाई पहिल्यांदा घाट चढायला गेल्या, त्या सकाळी सांडू भामाबाईच्या बाकावर बसून होता. समोर चहा, शेजारी फोन. चहावर साय धरली, फोन वाजला नाही. ऊन बाकापर्यंत आलं, तेव्हा जालना रोडवरून लाल काहीतरी झुईकन गेलं आणि जाताना दोनदा हॉर्न देऊन गेलं.

"आली का रं परत?" भामाबाई आतून ओरडली.

"आली, मावशी."

"मंग आता माझं बघ."

टँकर मागच्याच आठवड्यात आला होता, तोही अर्धा. सांडूनं आपल्या वाट्याचं सगळं पाणी तिच्या ड्रममध्ये ओतलं होतं. एक ड्रम भरला. दुसरा तिनं खानावळीच्या दारातच उपडा घालून ठेवलाय, येता-जाता त्याला दिसावा म्हणून.